खाडीकाठच्या कोळंबी तळ्यात पाण्याचा रंग पुन्हा पुन्हा का उतरतो?

कोकणात खाजणाला (भरतीचे पाणी येणाऱ्या खारजमिनीला) बांध घालून केलेल्या कोळंबी तळ्यांवरून एकच तक्रार दर हंगामात येते. बियाणे सोडून दीड-दोन महिने झालेले असतात, खाद्य वाढलेले असते, पाण्याला सूक्ष्म शेवाळाचा दाट हिरवट-तपकिरी रंग आलेला असतो, आणि एका रात्रीत तो रंग उतरतो. पहाटे पाहावे तर पाणी पांढुरके दिसते, वाऱ्याच्या कोपऱ्यात फेस साचलेला असतो आणि कोळंबी बांधाच्या कडेला पृष्ठभागाशी येऊन मिशा हलवत थांबलेली असते. सगळे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) लावून, थोडे पाणी बदलून आठवड्याभरात पुन्हा रंग धरतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि तीन आठवड्यांनी तेच पुन्हा घडते. एकदा रंग उतरण्याची कारणे बहुतेकांना ठाऊक असतात. तो पुन्हा का उतरतो, याचे उत्तर समुद्राच्या पाण्याच्या रसायनशास्त्रात आणि तळाच्या चिखलात आहे, आणि ते न समजता टाकलेली औषधे पुष्कळदा पुढच्या वेळेची तयारी करून ठेवतात.

मी रसायनशास्त्र शिकवतो आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावसभावाच्या तळ्याचे पाणी तपासतो. पहिले दोन हंगाम मी सकाळी दहाच्या सुमारास पोहोचत असे, नमुने घेत असे आणि वहीत चांगले आकडे लिहून परतत असे. तळ्यावर राखणीला असलेल्या काकांनी शेवटी सांगितले, “सर, तुम्ही येता तेव्हा पाणी बरेच असते. दुखणे रात्रीचे आहे.” त्यानंतर मी पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला असे दोन नमुने घेऊ लागलो, आणि तेव्हाच खरे चित्र दिसले.

आधी मोजणी तपासा

पाण्याला दोष देण्यापूर्वी आपला आकडा खरा आहे ना, हे पाहावे. ऑक्सिजन मीटरमध्ये खारेपणाचा आकडा भरावा लागतो आणि तो बहुतेक वेळा शून्यावरच राहिलेला असतो. ३० अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, तर दर हजारी २० खारेपणाचे पाणी पावणेसात मिलिग्रॅमच धरते. त्यामुळे खारेपणा शून्य ठेवलेला मीटर सुमारे १२ टक्के जास्त दाखवतो, आणि खरा ३ असलेला ऑक्सिजन ३.४ दिसतो. पहाटेच्या वेळी हा फरक जिवावर बेतणारा असतो.

मीटरवर भरवसा नसेल तर विंकलर पद्धत वापरावी. लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये मांडली आणि ती आजही खरी उतरते. बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरलेल्या बाटलीत आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली आयोडाइड सोडायचे, बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होऊन संथपणे खाली बसतो आणि तो जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त. पहिल्यांदा मी तळाचा नमुना पहाटे घेतला तेव्हा साका दुधासारखा पांढरा आला, म्हणजे त्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नव्हताच. टायट्रेशन करण्याची गरजही उरली नाही. तळ्याच्या पाण्यात नायट्राइट असतो आणि तो या पद्धतीत गडबड करतो, म्हणून अल्कली आयोडाइडमध्ये सोडियम ॲझाइड मिसळलेलेच वापरावे. ॲझाइड विषारी आहे, तेव्हा ते हातमोजे घालून हाताळावे आणि आम्लात कधीही सोडू नये.

एककांचा घोळही असाच महाग पडतो. पाणी तपासण्याचे काही संच ‘नायट्रेट’ दाखवतात आणि काही ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’ दाखवतात. या दोन आकड्यांत ४.४३ पट फरक पडतो, तर फॉस्फेट आणि त्यातला फॉस्फरस यांच्यात ३.०७ पट. संचाच्या खोक्यावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय दोन तळ्यांची तुलना करू नये. सिलिकेटचा नमुना काचेच्या बाटलीत ठेवू नये, कारण काचेतूनच सिलिकेट पाण्यात उतरते. त्यासाठी प्लॅस्टिकची बाटली घ्यावी.

उथळ तळ्याचा हिशेब

अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवले की समुद्राच्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस ज्या प्रमाणात असतात, जवळपास त्याच प्रमाणात ते प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या, शरीरातही असतात. पुढे हे प्रमाण अणूंच्या संख्येने १०६ कार्बन, १६ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस असे रूढ झाले. आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो, म्हणून वजनाने सांगायचे तर १ भाग फॉस्फरसला साधारण ७.२ भाग नायट्रोजन. डायटम या सूक्ष्म शेवाळांना शिवाय सिलिकॉन लागते, वजनाने नायट्रोजनच्या जवळपास दुप्पट, कारण त्यांची कवचे त्याचीच बनतात.

आता आपले खाद्य पाहा. ३५ टक्के प्रथिने असलेल्या १ किलो खाद्यात सुमारे ५६ ग्रॅम नायट्रोजन असतो, कारण प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. फॉस्फरस १० ग्रॅमच्या वर असतो. म्हणजे खाद्यातले मूळ प्रमाणच ७.२ च्या खाली आहे, आणि कोळंबी फॉस्फरसचा वाटा नायट्रोजनपेक्षाही कमी अंगी लावत असल्याने पाण्यात उतरणारे प्रमाण आणखी खाली जाते. सिलिकॉन तर खाद्यात नसल्यातच जमा. हंगामाच्या सुरुवातीला खाडीच्या पाण्याबरोबर आलेले सिलिकेट डायटम वापरून टाकतात आणि ते संपले की पाण्याचा सोनेरी-तपकिरी रंग हिरवा किंवा निळसर हिरवा होतो. हा रंगबदल म्हणजे पहिली सूचना, आणि ती रंग उतरण्याच्या कितीतरी दिवस आधी मिळते. निळ्या-हिरव्या शेवाळांना सिलिकॉन लागत नाही, त्यांच्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजनही बांधतात, आणि एकदा दाटी झाली की ती एकदम मरतात.

एक हेक्टरचे, सव्वा मीटरच्या आसपास खोलीचे तळे धरू, म्हणजे सुमारे १२,००० घनमीटर पाणी. त्यात रोज १०० किलो खाद्य पडत असेल तर ५.६ किलो नायट्रोजन येतो आणि त्यातला साधारण ४ किलो पाण्यात व चिखलात राहतो. जिवाणूंनी तो सगळा नायट्रेटपर्यंत नेला तर त्यासाठी १८ किलो ऑक्सिजन आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने २८ किलोंहून अधिक अल्कलिनिटी (आम्ल शोषून पीएच सावरण्याची पाण्याची क्षमता) खर्च होते. म्हणजे अल्कलिनिटी दिवसाला लिटरमागे सव्वादोन मिलिग्रॅमहून जास्त घटते. मोकळ्या समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी ११५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. आपल्या पावसाळी खाडीची त्याहून बरीच कमी, कारण जांभ्याच्या डोंगरांवरून उतरणारे पाणी मऊ असते. महिनाभर कुणी अल्कलिनिटी मोजलीच नाही तर ती कुठे पोहोचलेली असेल, हे या आकड्यांवरून कळते. ती घटली की पीएच सावरणारे काहीच उरत नाही. मग दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेते तेव्हा पीएच ९ पर्यंत चढतो आणि पहाटे साडेसातच्या खाली घसरतो. दिवसभरातला फरक अर्ध्या अंकाहून जास्त दिसू लागला की रंग उतरण्याची वेळ जवळ आली, असे मी धरतो.

आणि ऑक्सिजनचा साठा केवढा? लिटरमागे ६ मिलिग्रॅम धरले तरी अख्ख्या तळ्यात ७२ किलो. दाट रंगाच्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम कार्बन शेवाळाच्या रूपात सहज असतो, आणि तेवढे शेवाळ मरून कुजायला लिटरमागे १३ मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. पाण्यात असतो त्याच्या दुप्पट. एरेटर हवेतून जे आणतील तेवढ्याचाच आधार राहतो.

समुद्रातही प्लवक मरतात, पण तिथे मेलेले खोल बुडते, शेकडो मीटर खाली कुजते आणि त्यातली पोषकद्रव्ये वर यायला कित्येक वर्षे लागतात. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर त्यामुळेच जवळपास ऑक्सिजन नसलेला थर आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचे कमी ऑक्सिजनचे पाणी आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर चढते, वरून पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो आणि हवेशी संबंध तुटतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मधल्या अशा टोकाच्या स्थितीची नोंद २००० मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यात तळाशी हायड्रोजन सल्फाइडही आढळला होता. तळ्यात हीच सगळी प्रक्रिया सव्वा मीटरात, काही तासांत घडते. जोराच्या सरीनंतर तळ्यावर गोड्या पाण्याचा थर बसतो तेव्हा तो मोडण्यासाठी एरेटर पाऊस चालू असतानाच लावायचे असतात, ते याच कारणासाठी. एरवी ज्याचा विचारही होत नाही तो नायट्राइटही पावसाने खारेपणा उतरला की जास्त बाधतो, कारण खाऱ्या पाण्यातले क्लोराइड कोळंबीला त्यापासून वाचवत असते.

रंग उतरला त्या पहाटे

खाद्य ताबडतोब बंद करावे आणि सगळे एरेटर चालू करावेत. पहिले बारा तास याखेरीज काहीही टाकू नये. पाण्यात ऑक्सिजन नसताना गूळ किंवा साखर कारखान्याची मळी टाकणे घातक आहे, कारण मळीवर वाढणारे जिवाणू अमोनिया बांधतात हे खरे असले तरी त्यासाठी ते ऑक्सिजन वापरतात. मळीचा उपयोग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ऑक्सिजन ४ मिलिग्रॅमच्या वर टिकू लागल्यावर, सकाळी ऊन आल्यानंतर करावा. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन बांधायला साधारण २० ग्रॅम कर्बोदके लागतात. त्या हिशेबाने लागणारी मात्रा दोन-तीन दिवसांत विभागावी.

चुन्याबाबत सर्वांत जास्त चुका होतात. शेवाळ मेल्यावर दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो. त्याचा विषारी, वायुरूप भाग पीएचवर अवलंबून असतो. आपल्या तापमानाला आणि खारेपणाला पीएच ८ असताना तो एकूण अमोनियाच्या ५ ते ६ टक्के असतो, तर ९ असताना एक तृतीयांशाहून अधिक. अशा वेळी भाजलेला किंवा विरवलेला चुना टाकून पीएच उचलणे म्हणजे असलेले विष सहापट करणे होय. उलट चिखलातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचे गणित नेमके विरुद्ध असते. पीएच घसरला की तो जास्त विषारी होतो. म्हणून पीएच कोणत्याच बाजूला ढकलायचा नसतो, साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान धरून ठेवायचा असतो, आणि ते काम अल्कलिनिटीचे आहे.

अल्कलिनिटी वाढवायची तर खाण्याचा सोडा सर्वांत भरवशाचा. लिटरमागे १ मिलिग्रॅम वाढवायला १.६८ मिलिग्रॅम सोडा लागतो. वर धरलेल्या तळ्यात २० मिलिग्रॅमची वाढ हवी असेल तर सुमारे ४०० किलो. खर्च मोठा आहे, म्हणूनच वेळेवर आणि थोडी थोडी भर घालणे बरे. साधी चुनखडीची भुकटी स्वस्त पडते, पण समुद्राचे पाणी कॅल्शियम कार्बोनेटने आधीच भरलेले असते, त्यामुळे दुपारच्या चढत्या पीएचला टाकलेली भुकटी विरघळत नाही आणि नुसती तळाशी जाऊन बसते. ती रात्री टाकावी. त्या वेळी श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो आणि भुकटी त्यातच विरघळते. एकच गोणी, एकच तळे, फरक फक्त वेळेचा.

शेवाळ फार दाट झाले म्हणून मोरचूद टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. जे शेवाळ आठवड्याभरात थोडे थोडे मेले असते ते एका दुपारी मारले की वर सांगितलेले १३ मिलिग्रॅमचे देणे त्याच रात्री समोर उभे राहते.

‘पुन्हा’ कुठून येते

हाच भाग सहसा कुणी सांगत नाही. तळाच्या चिखलात ऑक्सिजन असतो तोपर्यंत लोह गंजलेल्या, तांबूस रूपात असते आणि ते फॉस्फेटला धरून ठेवते. ज्या रात्री तळाचा ऑक्सिजन संपतो त्या रात्री दोन गोष्टी होतात. पहिली, लोह विरघळते आणि त्याने धरलेला फॉस्फेट पाण्यात सुटतो. दुसरी, जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटकडे वळतात. पूर्ण खाऱ्या पाण्यात सल्फेट लिटरमागे जवळजवळ २.७ ग्रॅम असतो, म्हणजे त्यांना तोटा कधीच पडत नाही. त्यातून सल्फाइड तयार होतो, तो त्या विरघळलेल्या लोहाला धरतो आणि चिखल काळा पडतो. आता ऑक्सिजन परत आला तरी फॉस्फेट पकडायला मोकळे लोह उरलेले नसते. त्याच वेळी नायट्रेटचा काही भाग ऑक्सिजन नसलेल्या चिखलात वायू होऊन उडून जातो. म्हणजे रंग उतरल्यानंतरच्या पाण्यात फॉस्फरस जास्त, नायट्रोजन त्या मानाने कमी आणि सिलिकॉन जवळपास नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाला याहून सोयीची जमीन नाही. लोकांना सुखावणारा तो परतलेला रंग याच शेवाळाचा असतो, आणि तो पुन्हा एकदम मरतो. युरोपातल्या बाल्टिक समुद्रात हेच चक्र फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे: तळाचा ऑक्सिजन संपतो, फॉस्फरस सुटतो, उन्हाळ्यात निळी-हिरवी शेवाळे माजतात, ती मरून पुन्हा तळाचा ऑक्सिजन संपवतात.

म्हणून रंग उतरल्यानंतरचा पहिला आठवडा निर्णायक आहे. त्या आठवड्यात पाणी बदलायचे तर वरचे सोडू नये, तळाचे सोडावे. मधल्या खड्ड्यात साचलेला गाळ थोडा थोडा, रोज, गाळ बसवण्याच्या कुंडात काढावा. तो सरळ खाडीत सोडला तर पुढच्या भरतीला तोच आपल्या आणि शेजाऱ्याच्या उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) परत आत येतो. नवे पाणी उधाणाच्या भरतीला, भरती पूर्ण भरत आल्यावर घ्यावे, आणि घेण्यापूर्वी त्याचा ऑक्सिजन व अल्कलिनिटी मोजावी. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हे विशेष काळजीने करावे, कारण बाहेरचे पाणी चांगलेच असेल असे त्या दिवसांत गृहीत धरता येत नाही. खाद्य पूर्वपदावर आणण्याची घाई करू नये. चेक ट्रे (खाद्य किती खाल्ले हे पाहायचे ताट) रिकामा दिसतो म्हणून नव्हे, तर पहाटेचा ऑक्सिजन सलग तीन दिवस ४ च्या वर राहिला म्हणून खाद्य वाढवावे. सिलिकेट मोजून ते कमी असेल तर सोडियम सिलिकेटने भरून काढावे, मात्र ते अतिशय अल्कधर्मी असल्याने आधी भरपूर पाण्यात विरघळवावे आणि सकाळी, पीएच खाली असताना, तळ्यावर पसरून टाकावे. सेकी तबकडी (पाण्याची पारदर्शकता मोजायला दोरीने खाली सोडायची चकती) ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी होत असेल तर दाटी ठीक आहे. ती २५ च्या आत गेली की खाद्य कमी करून तळाचे पाणी काढायला लागावे.

दोन पिकांच्या मधे

एवढे करूनही पुढच्या हंगामात तेच घडत असेल तर चिखल सुकवण्यात कसर राहिली आहे. तळे उपसून चिखलाला पाय न रुतण्याइतक्या भेगा पडेपर्यंत उन्हात ठेवावे आणि मग वरचा थर नांगरावा. हवा आत गेली की काळे लोह-सल्फाइड मोडते, लोह पुन्हा तांबूस होते आणि फॉस्फेटला पुन्हा धरू लागते. फावड्याने काप घेऊन पाहावे. काळा पट्टा गेला पाहिजे आणि कुजक्या अंड्यांचा वास उरता कामा नये.

पूर्वी कांदळवन असलेल्या खाजणात इथे एक धोका आहे. त्या मातीत सल्फाइड फार खोलवर असतो आणि तो हवेत उघडा पडला की गंधकाम्ल तयार होते. भेगांत पिवळसर डाग आणि बांधातून झिरपणाऱ्या पाण्याला गंजासारखा रंग दिसला तर ती खूण समजावी. अशा तळ्यात खोल नांगरट करू नये, चार बोटांपेक्षा जास्त नाही. सुकल्यावर एकदा खाडीचे पाणी घेऊन, दोन दिवस ठेवून सोडून द्यावे, म्हणजे तयार झालेले आम्ल धुऊन निघते, आणि मगच चुनखडी पसरावी. किती चुनखडी लागेल हे अंदाजाने ठरवू नये. तळ्याच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून पाच ठिकाणची माती घ्यावी, प्रत्येकीचा एक भाग आणि शुद्ध पाण्याचा एक भाग स्वच्छ बाटलीत हलवून अर्धा तास ठेवावे आणि पीएच पाहावा. पाचही बाटल्यांचा आकडा एकसारखा कधीच येत नाही. आमच्या तळ्यात उघाडीजवळची माती ७.६ आणि जुन्या कांदळवनाकडची ५.१ निघाली, त्यामुळे सारी चुनखडी त्या एका कोपऱ्यात गेली.